अर्जापूर आणि टेंभुर्णी

बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचं स्मारक आहे. पानसरे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते होते. 1946 साली त्यांची हत्या झाली आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातले मराठवाड्यातले पहिले हुतात्मे म्हणून आजही त्यांचं नाव घेतलं जातं. दर 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतरच्या भाषणांत ते नाव हमखास येतं. याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी आहे. तिथल्या पोचीराम कांबळे यांना 4 ऑगस्ट 1978 रोजी जमावानं जाळून मारलं. त्यांचंही नाव दर वर्षी घेतलं जातं, पण दिवस वेगळा, व्यासपीठ वेगळं आणि समोर बसलेली माणसंही बहुतेक वेगळी.

या दोन हत्यांमध्ये 32 वर्षांचं अंतर आहे. पहिली झाली तेव्हा इथं निजामाची सत्ता होती. सामान्य माणसाला राज्यकर्ता निवडण्याचा अधिकार नव्हता. दुसरी झाली तोवर या भागानं विधानसभेच्या सहा निवडणुका पाहिल्या होत्या, आणि त्यातली शेवटची होऊन सहा महिनेही उलटले नव्हते. मत देण्याचा हक्क होता, न्यायालय होतं, वर्तमानपत्रं होती, पोलीस ठाणं होतं. तरीही औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या ठरावाचा निषेध म्हणून गावोगावी घरं जाळली गेली. लोकशाहीत हे कसं होतं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

नेहमीचं उत्तर असं की लोकांच्या भावना भडकल्या, समाजकंटकांनी फायदा घेतला, चार दिवसांत सगळं शांत झालं. मला हे उत्तर मान्य नाही. ज्या हिंसेत कुणाची घरं जाळायची हे आधीच ठाऊक असतं आणि कुणाच्या घराला हात लावायचा नाही हेही ठाऊक असतं, तिला भडका म्हणणं म्हणजे ती करणाऱ्यांना सूट देणं आहे. अशी हिंसा विचार करून होते. तिला हेतू असतो, सराव असतो आणि मुख्य म्हणजे आपल्याला काही होणार नाही ही खात्री असते. मराठवाड्यात ही खात्री कुठून आली, ते शोधायचं तर 1978 च्या बरंच मागे जावं लागतं.

निजामाचं हैदराबाद संस्थान देशातलं सर्वांत मोठ्या लोकसंख्येचं संस्थान होतं. सुमारे एक कोटी साठ लाख माणसं त्यात राहत होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे त्यातले पाच मराठी जिल्हे. बिलोली त्यांच्या अगदी पूर्व टोकाला. मांजरा जिथं गोदावरीला मिळायला निघते त्या पट्ट्यातली ही गावं आजही अर्धी मराठीत बोलतात आणि अर्धी तेलुगूत, आणि बाजाराला पलीकडच्या बोधन-निजामाबादलाही जातात. हैदराबाद स्टेट काँग्रेस 1938 साली स्थापन होताच निजामानं तिच्यावर बंदी घातली. ती उठली 1946 मध्ये. म्हणजे तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या कार्यकर्त्यांना उघडपणे सभा घेण्याची मोकळीक जेमतेम मिळाली होती, त्याच वर्षी गोविंदराव पानसरे मारले गेले. सभा भरवणं हाच त्यांचा गुन्हा होता.

रझाकार ही इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची स्वयंसेवक फौज होती. तिचा शेवटचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. ही गोष्ट लातूर-नांदेडच्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण रझाकारी ही हैदराबाद शहरातून पाठवलेली आपत्ती होती असं समजायची आपल्याला सवय आहे. तिची एक मुळी लातूरच्या कोर्टाच्या आवारात होती. 1947-48 या काळात रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थानानं भारतात सामील व्हावं असं लिहिलं, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. रझाकारांच्या हातून मेलेल्यांत एक निर्भय मुसलमान संपादकही होता, ही गोष्ट झेंडावंदनाच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

त्याच्या उलट बाजूनं स्टेट काँग्रेसनंही हत्यार उचललं. संस्थानाच्या सीमेबाहेर, पैनगंगेपलीकडे उमरखेडला आणि इतर ठिकाणी सशस्त्र कँप उभे राहिले. जानेवारी 1948 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची स्टेट बँक लुटून मोठी रक्कम लढ्याकडे वळवण्यात आली. कंधार भागातल्या कल्हाळीला गढीवरून रझाकारांशी लढताना कितीतरी माणसं कामी आली. या हिंसेला आपण क्रांती म्हणतो आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण अर्ज करायला, निवडून द्यायला, दाद मागायला दुसरी जागा उरली नव्हती.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि 17 तारखेला निजाम शरण आला. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथं संपते. गावातली गोष्ट मात्र इथून पुढं सुरू होते.

शरणागतीनंतरच्या आठवड्यांत संस्थानात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंच्या सरकारनं चौकशीसाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये त्यांनी जिल्हे फिरून अहवाल दिला. मृतांचा त्यांचा सावध अंदाज 27 हजार ते 40 हजारांचा होता. सर्वांत वाईट स्थिती त्यांनी ज्या चार जिल्ह्यांत नोंदवली ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांत मिळून 18 हजारांहून कमी माणसं मेली नसावीत असं त्यांचं मत होतं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. त्या शहराबद्दल अहवाल सांगतो की मारामारी वीस दिवसांहून अधिक चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समिती पोचली तेव्हा जेमतेम तीन हजार शहरात उरले होते. हजाराहून जास्त मारले गेले होते आणि बाकीचे पळाले होते. आकड्यांवर पुढं वाद झाले, होत राहतील. कत्तल झाली याबद्दल वाद नाही. अहवालात दुसरीही एक नोंद आहे आणि ती मला तितकीच मोलाची वाटते: अनेक ठिकाणी हिंदूंनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना लपवलं, वाचवलं.

हा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. 2013 च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो अभ्यासकांना मोकळेपणानं पाहता येऊ लागला. पासष्ट वर्षं! त्या पासष्ट वर्षांत एक आख्खी पिढी जन्मली, शिकली, नोकरीला लागली आणि निवृत्त झाली. ज्या गावांत हे घडलं तिथल्या म्हाताऱ्यांना ते माहीत होतंच. पण कागदावर ते नव्हतं, कोर्टात ते फारसं आलं नाही, आणि शिक्षा झालेली माणसं जवळजवळ दिसत नाहीत. रझाकारांवर खटले चालले. कासीम रझवी 1957 पर्यंत तुरुंगात होता आणि सुटल्यावर पाकिस्तानात गेला. पण शरणागतीनंतर ज्यांनी शेजाऱ्याचं घर लुटलं, त्याच्या जमिनीवर नांगर घातला, ते तिथंच राहिले. त्यांच्यातले काही पुढं गावाचे प्रतिष्ठित झाले असतील. गाव यातून एक गोष्ट शिकलं: सत्ता बदलण्याच्या दिवसांत, आपण जास्त संख्येनं असू आणि आपल्या बाजूला देशाचं किंवा धर्माचं नाव असेल, तर हिशेब द्यावा लागत नाही.

मी 1948 ला मूळ म्हणतो ते या अर्थानं. मुसलमानांविरुद्धची हिंसा आणि तीस वर्षांनंतरची दलितांविरुद्धची हिंसा एकच होती असं माझं म्हणणं नाही. त्यांची कारणं वेगळी होती. पण दोन्हींना परवानगी एकाच जागेवरून मिळाली.

दुसऱ्या मुळाकडे जाण्याआधी 25 नोव्हेंबर 1949 चा दिवस पाहायला हवा. त्या दिवशी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रकरणाचा सगळा प्रश्न मांडून ठेवला आहे. त्यांचा मुद्दा असा: सनदशीर मार्ग बंद होते तेव्हा दुसऱ्या मार्गांचं समर्थन करता येत होतं, आता ते मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा रक्तपाताचा मार्ग सोडला पाहिजे, आणि सत्याग्रहासारखे मार्गसुद्धा बाजूला ठेवले पाहिजेत. पुढं ते म्हणाले की 26 जानेवारी 1950 पासून आपण एका विसंगतीत प्रवेश करणार आहोत. राजकारणात एक माणूस एक मत, पण समाजात आणि अर्थव्यवस्थेत विषमता तशीच. ती लवकर मिटवली नाही तर विषमतेनं होरपळलेले लोक ही राजकीय लोकशाही उधळून लावतील, असा इशारा त्यांनी दिला.

मराठवाड्यात उलटं झालं. विषमतेनं होरपळलेले लोक संविधानाच्या आत राहिले. त्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, ठराव मागितले. हिंसा आली ती त्या विषमतेतून ज्यांना फायदा होत होता त्यांच्या बाजूनं. बाबासाहेबांच्या भाषणाचा आपण नेहमी पहिला अर्धा अर्थ सांगतो आणि हिंसा खालून येईल असं गृहीत धरतो. आपल्या जिल्ह्याचा अनुभव सांगतो की बहुतेक वेळा ती वरून आली.

हे दुसरं मूळ समजायला पन्नासच्या आणि साठच्या दशकांतला गावगाडा आठवावा लागतो. 1956 च्या धर्मांतरानंतर महार वस्त्यांनी येसकरकी सोडली, मेलेली जनावरं ओढणं सोडलं, दारोदार भाकरी मागणं सोडलं. पाटील-देशमुखांच्या वाड्यांना वर्षानुवर्षं फुकट मिळणारी कामं बंद झाली. त्यातच जमीन आली. 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यातल्या दलितांनी गायरानं नांगरली, दगडगोटे वेचून तिथं ज्वारी-मूग घेतला. सरकारच्या दप्तरी ते अतिक्रमण होतं. गावाच्या नजरेत तो माज होता. कसणाऱ्याच्या दृष्टीनं ती आयुष्यातली पहिली स्वतःची पेरणी होती. (14 एप्रिल 1990 पर्यंतची ही अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय पुढं निघाला, तरी अनेकांच्या नावावर सातबारा आजही नाही.) 1978 मध्ये कित्येक ठिकाणी घरांबरोबर गायरानातली उभी पिकं तुडवली गेली. विद्यापीठाच्या नावाशी ज्वारीचा काय संबंध, हे कळायला एवढं पुरेसं आहे.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवटीत मराठवाड्यात उच्च शिक्षण जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे या महाविद्यालयानं सगळ्याच जातींच्या मुलांना दार उघडलं. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. बिलोली, देगलूर, मुखेडच्या दलित वस्त्यांमधून बी.ए. झालेली पहिली पिढी सत्तरच्या दशकात तयार झाली, नेमकी त्याच वेळी इतर जातींतल्या शेतकऱ्यांची पहिली पदवीधर पिढीही तयार झाली. नोकऱ्या दोघांसाठीही नव्हत्या. 1974 मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. अनुशेष, रेल्वे, नोकऱ्या या त्याच्या मागण्या होत्या आणि वसमतला पोलीस गोळीबार झाला. विद्यार्थ्यांचं हे आंदोलन रास्त होतं. पण त्यातून एक राग शिल्लक राहिला आणि त्याला लवकरच जवळचं लक्ष्य मिळालं: राखीव जागेवर कारकून झालेला वस्तीतला मुलगा.

औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं ही मागणी 1977 मध्ये जोर धरू लागली. 18 जुलै 1978 ला शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि 27 जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. त्याच दिवसापासून मराठवाडा पेटला. आधी शहरात बंद, एसटी जाळणं, तारा तोडणं, रूळ आणि पूल उखडणं. मग दोन-चार दिवसांत आग खेड्यांत उतरली आणि तिथं तिचं स्वरूप बदललं. शहरात निशाण्यावर सरकार होतं. खेड्यात निशाण्यावर वस्ती होती. नांदेड आणि परभणी या दोन जिल्ह्यांना झळ सर्वांत जास्त बसली. चळवळीच्या साहित्यात 1,200 गावांचा आकडा येतो. मुंबईहून आलेल्या अत्याचारविरोधी समितीनं गावं फिरून जो अहवाल तयार केला तो 1979 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि नामांतर हे निमित्त होतं, भांडण जमीन, मजुरी आणि मान यांचं होतं, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मातंग होते. हे मुद्दाम सांगतो, कारण नामांतराचा वाद महार-बौद्धांचा आणि इतरांचा आहे असं तेव्हाही सांगितलं गेलं आणि आजही सांगितलं जातं. जमावाला त्या दिवशी जात नेमकी कोणती याच्याशी देणंघेणं नव्हतं. जयभीम म्हणणारा माणूस त्याला पुरेसा होता.

आणखी एक जुना हिशेब त्या दिवसांत बाहेर काढला गेला: 'हे निजामाचे लोक, हे रझाकारांबरोबर होते.' यात सत्य किती? बी. एस. वेंकटराव हे हैदराबादचे दलित नेते 1947-48 मध्ये निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळात गेले होते, हे खरं. पण नोव्हेंबर 1947 मध्येच बाबासाहेबांनी जाहीर पत्रक काढून संस्थानातल्या अस्पृश्यांनी निजामाच्या बाजूनं उभं राहू नये असं बजावलं होतं, हेही तितकंच खरं. निजामाच्या दरबारात सवर्ण जहागीरदार आणि देशमुख कमी होते का? त्यांच्या नातवंडांना 1978 मध्ये कुणी रझाकार म्हटलं नाही. मुक्तिसंग्रामाची आठवण इथं हत्यार म्हणून वापरली गेली. दुर्दैवानं त्या लढ्यातले काही आदरणीय नेते, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासह, नामांतराच्या विरोधात उभे राहिले. त्यांचं कारण प्रादेशिक अस्मितेचं होतं आणि गोविंदभाईंच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. तरी निजामाशी लढलेल्या माणसांनी त्या आठवड्यांत वस्त्यांसमोर जाऊन उभं राहायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. गावानं त्यांचं ऐकलं असतं.

लोकशाहीतली अशी हिंसा फक्त मराठवाड्यातच झाली असं नाही. विल्मिंग्टन हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं बंदर आहे. तिथं 1898 मध्ये गोऱ्या आणि काळ्या लोकांचं मिळून निवडून आलेलं नगर प्रशासन होतं. 10 नोव्हेंबर 1898 ला, राज्यातली निवडणूक होऊन दोनच दिवस झाले असताना, सशस्त्र गोऱ्या जमावानं काळ्यांच्या वर्तमानपत्राचं कार्यालय जाळलं, वस्त्यांत माणसं मारली आणि नगर प्रशासनाला राजीनामे द्यायला लावले. जमावाचा पुढारी आल्फ्रेड वॉडेल त्याच दिवशी महापौर झाला. कुणालाही शिक्षा झाली नाही. शंभर वर्षं या घटनेला शालेय पुस्तकांत 'वांशिक दंगल' म्हणत आले. राज्यानं नेमलेल्या आयोगानं 2006 मध्ये अहवाल दिला तेव्हा कुठं हे निवडून आलेलं सरकार बळानं उलथवणं होतं हे अधिकृतपणे मांडलं गेलं. मराठवाड्यात विधिमंडळाचा ठराव होता, विल्मिंग्टनमध्ये नगर प्रशासन. बाकी कारण तेच. काल खाली असलेल्या माणसाला लोकशाहीनं काहीतरी दिलं, आणि मतांनी जे हरलो ते हातांनी परत घ्यायचं ठरवलं गेलं.

अशा वेळी पोलीस काय करतात यावर पुष्कळ काही ठरतं. स्टीव्हन विल्किन्सन या अभ्यासकानं भारतातल्या दंगलींवरच्या 2004 च्या पुस्तकात एक साधी पण बोचरी गोष्ट दाखवली. हिंसा थांबवणं राज्य सरकारच्या हातात असतं आणि ते थांबवतं की नाही हे पुष्कळदा त्याला कुणाच्या मतांची गरज आहे यावर ठरतं. त्याचा अभ्यास हिंदू-मुस्लिम दंगलींचा आहे, पण हा नियम इथंही लावून पाहता येतो. जुलै 1978 मधलं सरकार ठरावाच्या दिवशी नऊ दिवसांचं होतं, अनेक पक्षांच्या आघाडीचं होतं, आणि मराठवाड्यातल्या त्याच्या आमदारांचा आधार प्रामुख्यानं जमीनदार गावकरी होते. ठराव करण्याचं धैर्य त्या सरकारनं दाखवलं, हे मान्य केलंच पाहिजे. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक गावात काय होईल याची तयारी मात्र केलेली नव्हती. मग अंमलबजावणी थांबली.

इथं हिंसा यशस्वी झाली. हे वाक्य लिहिताना त्रास होतो, पण टाळता येत नाही. जाळपोळ करणाऱ्यांनी जे मागितलं होतं ते त्यांना मिळालं: ठराव कागदावर राहिला. त्यानंतर 1979 मध्ये नागपूरहून औरंगाबादकडे जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, हजारो तुरुंगात गेले. 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असं नाव झालं. मराठवाडा हा शब्द ठेवून केलेली ही तडजोड होती. लोकनियुक्त सभागृहाच्या ठरावाला गावातल्या आगीनं साडेपंधरा वर्षं अडवून धरलं.

त्याच वर्षी, 1994 मध्येच, नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव दिलं गेलं. नाव योग्य आहे. या भागातल्या मुलांना जवळ विद्यापीठ हवंच होतं. पण त्याचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. 1978 मध्ये आग जिथं सर्वांत जास्त होती त्या नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतली महाविद्यालयं, लातूरसकट, औरंगाबादपासून तुटली. म्हणजे टेंभुर्णीच्या किंवा बिलोलीच्या मुलाच्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव येत नाही. असा कुणाचा हेतू होता असं मी म्हणत नाही. परंतु ज्या वस्त्यांनी त्या नावासाठी घरं गमावली त्यांच्याच मुलांच्या प्रमाणपत्रावर ते नाव नाही, ही वस्तुस्थिती आहे.

राजकीय हिंसेचं दुसरं रूप एकट्या माणसाला गाठून मारण्याचं. अर्जापूरच्या पानसऱ्यांच्याच नावाचे दुसरे गोविंद पानसरे, कोल्हापूरचे कम्युनिस्ट नेते, यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 तारखेला ते गेले. त्यांच्या आधी 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. त्या खटल्यात दोन मारेकऱ्यांना जन्मठेप व्हायला मे 2024 उजाडलं, आणि कट रचल्याचा आरोप असलेले सुटले. ही पद्धत जमावाच्या हिंसेपेक्षा वेगळी दिसते. गोळी झाडणारे दोघे असतात, वस्ती जाळणारे दोनशे. दोन्ही ठिकाणी मागून सांगणारा मात्र सहसा सापडत नाही.

तिसरं रूप सर्वांत शांत असतं आणि खेड्यात तेच सर्वांत जास्त चालतं. बहिष्कार. वस्तीतल्या माणसांना मजुरीला बोलवायचं नाही, पिठाच्या गिरणीवर दळण घ्यायचं नाही, किराणा द्यायचा नाही, शेतातून जायची वाट बंद करायची. यात रक्त सांडत नाही, म्हणून वर्तमानपत्रात बातमी येत नाही, आणि आठवड्याभरात वस्ती तडजोडीला येते. कायद्यानं हे ओळखायला फार उशीर केला. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. सामाजिक आणि आर्थिक बहिष्काराचा स्पष्ट उल्लेख त्यात 2015 च्या दुरुस्तीनं आला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2017 पासून लागू आहे. कायदे चांगले आहेत. फिर्याद देणाऱ्याला उद्या त्याच गिरणीवर दळण न्यायचं असतं, तिथं ते अडतात.

हे सगळं जुनं झालं असं कुणाला वाटत असेल, तर 1 जून 2023 ची नांदेडजवळच्या बोंढार हवेलीची घटना आठवावी. गावात आंबेडकर जयंती साजरी झाल्याचा राग मनात धरून एका तरुण कार्यकर्त्याचा भर रस्त्यात खून झाल्याची फिर्याद आहे. आपल्या जिल्ह्यात, संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जयंती काढणं हे अजून कुणाला तरी आव्हान वाटत होतं.

यावर उपाय म्हणून शांतता समित्या, सद्भावना फेऱ्या होतात. त्यांनी तणाव निवळतो आणि त्या व्हाव्यात. पण मला या बाबतीत सर्वांत उपयोगी माणूस वाटतो तो एक जर्मन संख्याशास्त्रज्ञ, एमिल युलियस गुंबेल. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत लोकशाही आली आणि राजकीय खून सुरू झाले. गुंबेलनं नुसती व्याख्यानं दिली नाहीत, यादी केली. मेलेल्याचं नाव, तारीख, गाव, मारणारा कुठल्या बाजूचा, खटला झाला का, शिक्षा किती. 1922 मध्ये त्यानं ती छापली: चार वर्षांत उजव्या गटांनी केलेले 354 खून, डाव्यांनी केलेले 22. डाव्यांना कडक शिक्षा झाल्या होत्या. उजव्यांचे बहुतेक खून शिक्षेविना सुटले होते. आकडे खोटे आहेत असं न्याय खात्यालाही म्हणता आलं नाही. पुढं नाझींनी गुंबेलचं नागरिकत्व काढून घेतलं, त्याची पुस्तकं जाळली. त्याची यादी आजही इतिहासकार वापरतात.

तशी यादी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची व्हायला हवी. गावागणिक, तीन कालखंडांची: 1946 ते 1948, 1978, आणि 1994. रझाकारांनी मारलेले, शरणागतीनंतर मारलेले, नामांतरात मारलेले, सगळे एकाच वहीत. कुणाचं घर जळलं, कुणाची जमीन गेली, आज ती कुणाच्या ताब्यात आहे. गुन्हा नोंदवला गेला का, बिलोलीच्या किंवा नांदेडच्या न्यायालयात तो पोचला का, साक्षीदार फुटले का, निकाल काय लागला. पोलीस ठाण्यांच्या जुन्या नोंदवह्या, तहसिलातले पंचनामे, न्यायालयाच्या अभिलेख कक्षातली बासनं, मदत वाटपाच्या याद्या यांतून निम्मं काम होईल. उरलेलं माणसांकडून. 1978 मध्ये विशीत असलेले आज सत्तरीला टेकले आहेत आणि त्यांच्याशी बोलायला अजून वेळ आहे. 1948 ला ज्यांनी दहाव्या वर्षी दाराच्या फटीतून पाहिलं ते नव्वदीच्या जवळ आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दर वर्षी प्रकल्प करावा लागतो. बिलोली, देगलूर, मुखेड, उदगीर, अहमदपूरच्या महाविद्यालयांनी एकेक तालुका वाटून घेतला, तर तीन-चार वर्षांत ही वही पुरी होऊ शकते. सुरुवात करायची तर पहिल्या पानावर अर्जापूर आणि टेंभुर्णी एकाखाली एक लिहावीत.